सरपंचकी ते झेडपी: पद नसलेली वर्षं कशी काढायची

प्रश्न असा आलाय. मुलगा २८ वर्षांचा, डिप्लोमा झालाय, चाकणला कंपनीत नोकरीला आहे, वडील एकदा ग्रामपंचायत सदस्य होते. त्याला गावात परत येऊन सरपंचकी लढवायचीय आणि विचारतोय की पुढे पंचायत समिती, झेडपी असं करिअर होऊ शकतं का, खर्च किती येतो, पक्ष कुठला धरावा. माझा मुलगा याच वयाचा आहे म्हणून मी सरळ तू म्हणतो, राग मानू नको.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं बोलणं किती धरायचं ते तुझं तुला ठरवता येईल. दुष्काळी तालुक्यातलं गाव आमचं. १९९५ ला सदस्य झालो, २००० ते २००५ सरपंच, २००७ ते २०१२ पंचायत समिती, २०१७ ते २०२२ झेडपी. हे असं ओळीत लिहिलं की जिना चढल्यासारखं दिसतं आणि गावातली पोरं पण तसंच समजतात, म्हणून मधलं पण लिहितो. २००५ ला सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं, घरी बसलो. २०१२ ला आमचा झेडपी गट (म्हणजे मतदारसंघ) महिला राखीव झाला, मी शेजारच्या गटातून उभा राहिलो आणि ३१२ मतांनी पडलो. मार्च २०२२ ला झेडपीची मुदत संपली आणि त्यानंतर वेळेवर निवडणूकच लागली नाही, प्रशासक बसला. म्हणजे तीस वर्षात दहा वर्षं माझ्याकडं कुठलंच पद नव्हतं, आणि आज मागं वळून बघतो तर मला जे काय मिळालं ते त्या दहा वर्षातल्या वागण्यावर मिळालं, पद असलेल्या वर्षांवर नाही. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे, बाकी सगळं त्याचा खुलासा समज.

करिअर म्हटलं की माणूस नोकरीसारखा विचार करतो, आज सरपंच, पाच वर्षानी सभापती, मग झेडपी अध्यक्ष. इथं ते चालत नाही कारण जागा तुझी नसते. सरपंचपदाचं आरक्षण तालुक्यात सोडत काढून ठरतं, झेडपीचा गट आणि पंचायत समितीचा गण यांची सोडत वेगळी, लहान पोराच्या हातानी चिठ्ठी उचलतात आणि त्या एका मिनिटात पाच वर्षं मेहनत केलेल्या माणसाचं गणित बदलतं. महिलांना १९९३ च्या घटनादुरुस्तीनी एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्रानी २०११ ला त्या निम्म्या केल्या. त्यात अनुसूचित जाती जमाती आणि ओबीसी यांचं चक्राकार, म्हणजे फिरतं आरक्षण. हे आरक्षण असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, त्याच्याशिवाय आमच्या तालुक्यात अर्ध्या लोकांना खुर्ची कधी दिसलीच नसती. फक्त तू प्लॅन करताना हे धरून चाल की एकदा बसलास म्हणजे पुढच्या वेळी तीच जागा तुला मिळेल याची काही गॅरंटी नाही.

आणि निवडणूक वेळेवर होईल याची पण नाही. मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाचा ओबीसी आरक्षणावरचा निकाल आला, मग ओबीसींची आकडेवारी काढायला बांठिया आयोग, मग प्रभाग रचनेचे वाद, असं करत करत राज्यातल्या बहुतेक झेडप्या आणि नगरपालिका प्रशासकाकडं गेल्या. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टानीच निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला आणि नगरपरिषदांचं पहिलं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं. साडेतीन वर्षांच्या वर गेली यात. ज्यांनी २०२२ ची तयारी म्हणून २०२० पासून पैसा ओतला होता, कुणी देवळाला कमान, कुणी प्रत्येक गावात क्रिकेटच्या स्पर्धा, त्यातले किती जण आज कर्जात आहेत ते मी जवळून बघतोय. हे पहिल्यांदाच झालं असं पण नाही. १९७९ ला झेडपीची निवडणूक झाली ती पुढची थेट १९९२ ला, तेरा वर्षांनी. राज्य निवडणूक आयोग १९९४ ला आला त्याच्या आधीची ही गोष्ट.

आर. आर. आबा (पाटील) त्या १९७९ च्या निवडणुकीतले. तासगाव तालुक्यातल्या सावळज गटातून झेडपीवर गेले, १९९० पर्यंत तिथंच होते आणि मग आमदार. अकरा वर्षं एका गटाचं काम. मी सरपंच झालो तेव्हा ते ग्रामविकास मंत्री होते आणि संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आमच्या गावानी त्यात भाग घेतला होता. आम्ही सकाळी सहाला झाडू घेऊन निघायचो, पहिल्या दिवशी नऊ माणसं, आठव्या दिवशी दीडशे. त्या अभियानाची रचना बघितली की कळायचं की ही योजना करणाऱ्याला गाव माहितीय, कारण त्यात पैसा आधी नव्हताच, आधी काम आणि मग बक्षीस. झेडपीच्या खुर्चीत बसून गावं फिरलेल्या माणसालाच हे सुचतं.

विलासराव देशमुखांचं पण असंच, बाभळगावचे सरपंच, मग उस्मानाबाद झेडपी (लातूर जिल्हा नंतर १९८२ ला वेगळा झाला), लातूर पंचायत समितीचे उपसभापती, १९८० ला आमदार आणि १९९९ ला मुख्यमंत्री. ही उदाहरणं सगळे देतात आणि पोरांना वाटतं आपण पण. पण मी तुला तिसरं उदाहरण देतो, हिवरे बाजारचे पोपटराव पवार. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा माणूस १९८९ ला सरपंच झाला आणि गावातच राहिला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीला बोअरवेल बंद, पाण्याचा दरवर्षी ताळेबंद. २०२० ला पद्मश्री मिळाली. ते वर गेले नाहीत, पण हे करिअर नाही असं कोण म्हणेल? तुझ्या डोक्यात यातलं नेमकं काय आहे ते आधी स्वतःशी ठरव, कारण दोन्हीची तयारी वेगळी आहे.

आता ग्रामपंचायत. इथं जरा जास्त वेळ घालवतो कारण जे शिकायचं ते इथंच शिकतो माणूस.

तू उभा राहू शकतोस का हे आधी बघ. वय २१ पूर्ण लागतं ते तुझं आहे. मतदार यादीत नाव गावात आहे का? चाकणला असताना भाड्याच्या घराच्या पत्त्यावर नाव हलवलं असशील तर आधी ते परत आण, आमच्याकडं दोन चांगली पोरं याच कारणानी राहिली. घरपट्टी पाणीपट्टी थकीत नको, मागणीचं बिल आल्यावर तीन महिन्यात भरलं नाही तर तेवढ्यावर सदस्यत्व जातं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नको. घरी संडास पाहिजे आणि तो वापरात पाहिजे. ग्रामपंचायतीच्या कुठल्या कामाच्या ठेक्यात तुझा वाटा नको, भावाच्या नावावर घेऊन आपण करायचं हे पण त्यातच मोडतं. आणि सगळ्यात जास्त लोक ज्यात अडकतात ते म्हणजे अतिक्रमण. गावठाणात किंवा गायरानात तुमच्या घराचा एखादा गोठा, ओटा पुढं आलाय का ते मोजून घे. वडलांनी केलंय, माझ्या नावावर नाही असं म्हणून चालत नाही, २०१८ ला सुप्रीम कोर्टानीच सांगितलंय की कुटुंबातल्या माणसानी केलेल्या अतिक्रमणात तू राहत असशील, ते वापरत असशील तर ते तुला पण लागू. निवडून आल्यावर विरोधक पहिला अर्ज कलेक्टरकडं याचाच करतात. राखीव जागेवर असशील तर जात पडताळणी मुदतीत. आणि निकाल लागल्यापासून ३० दिवसात खर्चाचा हिशोब द्यायचा, जिंकलास तरी आणि पडलास तरी, नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. पडलेली माणसं नाराज होऊन हिशोब देत नाहीत आणि पुढच्या वेळी फॉर्मच बाद होतो.

सरपंच थेट जनतेतून की सदस्यातून हे पण सारखं बदललंय, २०१७ ला थेट आणलं, २०२० ला काढलं, २०२२ ला परत थेट. आता थेट आहे. याचा अर्थ असा की सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचं असं अनेक गावात होतं. तेव्हा मासिक सभेत ठराव पास करून घेणं हे खरं कौशल्य. थेट सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान, म्हणजे खुर्ची तशी पक्की, पण खुर्ची पक्की असून कामं होत नाहीत अशी पाच वर्षं काढलेले सरपंच मी बघितलेत, बिचारे वाळून जातात. म्हणून निकाल लागला की पहिल्या आठवड्यात समोरच्या पॅनेलच्या प्रत्येक सदस्याच्या घरी जाऊन चहा पी, आणि त्याच्या वॉर्डातलं एक काम त्याच्याच तोंडून विचारून घेऊन पहिल्या आराखड्यात टाक. हे मी उपदेश म्हणून नाही सांगत, २००० साली मी हे केलं नव्हतं आणि पहिली दोन वर्षं माझी ठराव नामंजूर होण्यात गेली.

पैसा कुठून येतो ते समजून घे. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी हा मुख्य. चौदाव्या वित्त आयोगात, २०१५ ते २०२०, सगळा पैसा थेट ग्रामपंचायतीला आला आणि तेव्हापासून सरपंचाचं वजन वाढलं. पंधराव्यात वाटणी झाली, ८० टक्के ग्रामपंचायत, १० पंचायत समिती, १० झेडपी. त्यातला ६० टक्के बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता यावरच होता, ४० टक्के अबंधित. पेव्हर ब्लॉक, सौरदिवे याच्यावर लोक तुटून पडतात पण बंधित पैसा तिकडं वळवता येत नाही, आणि हे गावाला ग्रामसभेत नीट सांगितलं नाही तर सरपंचानी पैसे खाल्ले म्हणून बोंब होते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग, हा खर्च दरवर्षी झालाच पाहिजे. आमच्या गावात एका दिव्यांग पोराला पहिल्यांदा या पाच टक्क्यातून पैसे मिळाले, रक्कम अगदी किरकोळ होती, पण त्याची आई दर वर्षी मार्चमधे आठवणीनी ऑफिसला येऊन विचारायची, औंदा कधी. तिच्यामुळं मला कायम लक्षात राहिलं की या टक्केवारीच्या मागं माणसं आहेत.

सही. याच्यावर मी तुला पोटतिडकीनं सांगतो. प्रोसिडिंग बुकावर (सभेच्या इतिवृत्तावर) कोरी जागा सोडून सही कधी करू नको. पूर्वी चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) दोघांची सही असायची, आता डिजिटल सही आहे, त्याचा डोंगल आणि पासवर्ड ऑपरेटरकडं देऊन सरपंच शेताला जातो. असं करू नको. प्रत्येक कामाला अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, वर्क ऑर्डर, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, मूल्यांकन, कामपूर्णत्वाचा दाखला, मग बिल, हा क्रम आहे आणि प्रत्येक कागदावर तारीख असते. माझ्या काळात एका गटाराचं बिल मी विश्वासानी काढलं, सगळे म्हणाले काम झालंय, मी पण वरवर बघून आलो. सहा वर्षानी, पद जाऊन किती दिवस झालेले, ऑडिटचा मुद्दा निघाला की लांबी कमी भरतीय, आणि वसुली माझ्या नावावर निम्मी. एक म्हैस विकली त्याला. चोरी केली नव्हती पण टेप लावून मोजलं पण नव्हतं, आणि चूक माझीच होती. त्यानंतर मी खिशात कायम टेप ठेवली, झेडपीला असताना पण.

ग्रामसभा वर्षात चार तरी घ्यायच्याच. कोरमला गावातल्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. बहुतेक ठिकाणी कोरम होत नाही, मग तहकूब सभा, तिला कोरम लागत नाही, आणि मग पंधरा माणसात सगळं उरकतं. मी असं दोन वर्षं केलं. मग २००३ चा दुष्काळ आला. टँकर सुरू झाले, माणशी २० लिटरचा हिशोब, आणि टँकर कुठल्या वस्तीवर किती वाजता रिकामा करायचा यावर रोज भांडणं. शेवटी मी ग्रामसभा बोलावली आणि वेळापत्रक लोकांनीच ठरवायचं म्हटलं. चारशेच्या वर लोक आले, बायका पुढं येऊन बसल्या, रात्री साडेदहापर्यंत चालली, आणि जे वेळापत्रक ठरलं ते पावसाळ्यापर्यंत एकानी पण मोडलं नाही. जिथं खरा निर्णय असतो तिथं लोक येतात. जिथं आधीच ठरवून नुसतं वाचून दाखवायचं असतं तिथं कोण कशाला मजुरी बुडवून येईल.

मानधनावर घर चालणार नाही हे पण स्पष्ट सांगतो. २०२४ ला सरपंचाचं मानधन दुप्पट झालं, लोकसंख्येप्रमाणे महिना ६,०००, ८,००० किंवा १०,००० रुपये. तुझ्या दुचाकीचं पेट्रोल, आलेल्या माणसाचा चहा, तालुक्याच्या चकरा, यात ते जातं. म्हणून नोकरी सोडायच्या आधी उत्पन्नाचं दुसरं साधन उभं कर. दूध, शेती, दुकान, डिप्लोमावर काही काम, काही पण, फक्त ग्रामपंचायतीची ठेकेदारी सोडून. ज्याचं घर पदावर चालतं त्याला पद सोडवत नाही आणि तिथून घसरण सुरू होते. मी दहा म्हशी ठेवल्या होत्या, पहाटे चारला उठून धारा काढायचो आणि मग दहाला झेडपीत. थकायचो, पण कुणाच्या पाकिटाकडं बघावं लागलं नाही.

२००५ ला पद महिला राखीव निघालं तेव्हा पॅनेलचे लोक म्हणाले वहिनींना उभं करा, कारभार तुम्हीच बघा. बायकोनी सरळ सांगितलं मला यात रस नाही, आणि नुसती सहीपुरती मी बसणार नाही. तिचे उपकार आहेत माझ्यावर. मग बचत गटाच्या एका अध्यक्ष ताई उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पहिले तीन महिने मी त्यांना फाईल समजावून सांगायला जायचो, चौथ्या महिन्यात त्यांनी मला सांगितलं, भाऊ आता येऊ नका, लोक म्हणतात खरा सरपंच तुम्हीच. मला लागलं ते, खरं सांगतो, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण त्या बरोबर होत्या. त्यांनी पाणीपट्टीची वसुली जी केली ती मला पाच वर्षात जमली नव्हती, कारण त्या वसुलीला पुरुषांकडं गेल्याच नाहीत, सरळ चुलीपर्यंत जाऊन बायकांशी बोलल्या. तुझ्या घरात अशी वेळ आली तर ज्या बाईला खरंच करायचंय तिलाच पुढं कर आणि स्वतः मागं हो.

आता वरचं थोडक्यात. पंचायत समिती ही तिघांत सगळ्यात अशक्त पायरी आहे. एका झेडपी गटात दोन गण असतात, गणातून पंचायत समिती सदस्य. सभापतीला थोडा मान, तो झेडपीचा पण पदसिद्ध सदस्य असतो, पण साध्या सदस्याच्या हातात पैसा फारसा नसतो. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात तर त्यांच्या वाट्याला काहीच येत नव्हतं, माझे मित्र होते तिथं, खूप खचलेले. पण शिकायला जागा चांगली. तालुक्यातलं प्रत्येक खातं तिथं कळतं, बीडीओ (गटविकास अधिकारी), विस्तार अधिकारी, शाखा अभियंता कुणाकडं कुठली फाईल अडते ते कळतं. मी त्या पाच वर्षात तालुक्यातल्या सगळ्या शाळा फिरलो, गळकी छपरं वहीत लिहून ठेवली, ती वही मला पुढं झेडपीत कामाला आली.

झेडपी ही मोठी गोष्ट आहे आणि लोक म्हणतात तेवढी मेलेली नाही. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात झेडप्या सुरू झाल्या, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवर. हे नाईकसाहेब स्वतः आधी पुसदचे नगराध्यक्ष होते हे लक्षात घे. गावातली प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, जनावरांचा दवाखाना, अंगणवाडी, गावाला जोडणारा रस्ता, सगळं झेडपीचं. पूर्वी सदस्याचं वजन शिक्षकांच्या बदल्यात असायचं, २०१७ च्या धोरणानंतर त्या ऑनलाईन झाल्या आणि अर्ध्या सदस्यांना वाटलं आता आपल्याला कोण विचारणार. मला उलट बरं वाटलं. बदल्यांच्या मागं लागलेल्या माणसांमुळं जो वेळ जायचा तो मोकळा झाला. सभागृहात बोलायचं असेल तर अजेंडा चार दिवस आधी वाच, आकडे घेऊन जा, आणि एका सभेत एकच विषय लावून धर. माझा विषय आरोग्य केंद्रातलं बाळंतपण होता. आमच्या गटातल्या केंद्रात डॉक्टर होते, नर्स होती, पण रात्री पाणी नसायचं म्हणून बायकांना तालुक्याला पाठवायचे. साधी टाकी आणि मोटर. ती फाईल हलायला चौदा महिने लागले, आणि मी प्रत्येक सर्वसाधारण सभेत तोच प्रश्न विचारला, लोक कंटाळले माझ्यावर. टाकी झाली त्या महिन्यात तिथं अकरा बाळंतपणं झाली. मला कुठल्या पदानी मिळाला नाही एवढा आनंद त्या दिवशी मिळाला.

पक्षाचं विचारलंस. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर होत नाही, पॅनेलवर होते, त्यामुळं तिथं घाई करू नको. पंचायत समिती आणि झेडपीला चिन्ह आणि एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद), म्हणजे आमदार किंवा तालुक्यातल्या नेत्याची मर्जी आलीच. एकदा चिन्हावर आलास की पक्षांतरबंदी कायदा तुला पण लागू, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश मोडलास तर कलेक्टर अपात्र करू शकतो. कुठला पक्ष हे मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की ज्या नेत्याला तू भर मीटिंगमधे नाही म्हणू शकतोस आणि तरी तो दुसऱ्या दिवशी तुझा फोन उचलतो, त्याच्याबरोबर राहा. सोसायटी, दूध संस्था, बाजार समिती या पण निवडणुका आहेत आणि तिथली माणसंच झेडपीची मतं फिरवतात, त्याकडं दुर्लक्ष करू नको. शहरात नगरपरिषदेचं वेगळं चालतं, तिथं मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष, नगराध्यक्ष पण आता थेट. तिथून वर जाणारे पण आहेत, देवेंद्र फडणवीस १९९२ ला नागपूर महापालिकेत नगरसेवक म्हणूनच सुरू झाले. पण ते माझं क्षेत्र नाही, मी गावाकडचं बोलतो.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, कारण कायद्यातली मर्यादा वेगळी आणि लोक करतात तो वेगळा. मी माझ्या डोळ्यानी सरपंचकीसाठी दोन एकर विकलेला माणूस बघितलाय. निवडून आला. आणि मग पाच वर्षं ते दोन एकर परत मिळवायच्या मागं लागला, गावाचं वाटोळं झालं आणि त्याचं पण. जेवणावळी, पाकिटं यात उतरलास तर तुझ्यापेक्षा जास्त पैसेवाला कुणीतरी कायम असणार. २०१७ ला मी फक्त हँडबिल, दोन गाड्या आणि कार्यकर्त्यांचा चहा नाष्टा एवढा खर्च केला आणि ते जमलं त्याचं कारण २०१२ ते २०१७ ची वर्षं.

तीच सांगून थांबतो. २०१२ च्या फेब्रुवारीत पडलो. आठ दिवस घराबाहेर आलो नाही. तेवढ्यात उन्हाळा लागला, आणि ते सगळं साल, पुढचं पण, असा दुष्काळ की विहिरी नुसत्या भेगाळलेल्या. चारा छावण्या सुरू झाल्या. माझ्याकडं पद नाही, सही नाही, शिक्का नाही. मी छावणीत जाऊन बसायला लागलो, रोज. कुणाच्या जनावराची नोंद नाही, कुणाचा टॅग हरवलाय, कुणाला चारा कमी मिळाला, ते वहीत लिहायचं आणि दर सोमवारी तहसीलला जाऊन एकेक विचारायचं. पंचायत समितीत पाच वर्षं काढल्यामुळं कुठल्या टेबलला काय असतं ते माहिती होतं. नंतर संजय गांधी निराधारचे अर्ज, पोरांचे जातीचे दाखले, स्कॉलरशिप, हेच सुरू ठेवलं. पाच वर्षात साधारण सहाशे अर्ज असतील, वह्या अजून आहेत घरी. २०१७ ला फॉर्म भरायच्या दिवशी शेजारच्या गटातली माणसं, ज्या गटानी मला पाडलं होतं ती, टेम्पो करून आली होती, मतदार पण नव्हती ती माझ्या गटातली.

तर तू आत्ता नोकरी सोडू नको. पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून घे आणि रजा टाकून ये. जायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ बघ, म्हणजे घरपट्टी कशी आकारलीय ते कळेल, आणि या वर्षाचा विकास आराखडा माग, तो बघायला मिळणं हा गावात राहणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे. त्यातलं एक काम निवड, तुझ्या वाड्यावरचंच निवड, ते कागदावर किती आहे आणि जागेवर किती आहे ते मोज. भांडायला जाऊ नको, नुसतं समजून घे. असं वर्षभर, दर महिन्याला दोन दिवस कर. आणि गावात कुणाचा एक अर्ज अडलाय तो घेऊन शेवटपर्यंत जा. टेप मात्र तीस मीटरची घे, पाच मीटरवाली गटाराला पुरत नाही.